कार्डाची मागची बाजू

मी रिकामा झाल्याने सुनीतीबाईंना काय मिळणार होतं, ते आधी सांगतो. तपासणी समितीचा चांगला शेरा, दारावर ‘डिजिटल ग्रंथालय’ अशी पाटी, आणि ‘पुस्तकं देणाऱ्या बाई’ऐवजी ‘ग्रंथपाल मॅडम’ हा मान. सौदा वाईट नव्हता, मित्रांनो.

मी वर्ध्याच्या एका महाविद्यालयातलं जुनं सागवानी कपाट. साठ कप्पे, दर पुस्तकामागे एक कार्ड. चौतीस वर्षं मला ग्रंथपाल प्रभाकररावांनी सांभाळलं. त्यांची एक खोड होती. कार्डाच्या समोर पुस्तकाचं नाव आणि क्रमांक लिहायचे. मागे मात्र पेन्सिलीने ते लिहायचे, जे कुठल्याच नोंदवहीत बसत नाही.

प्रभाकरराव वारले आणि त्यांच्या हाताखालच्या सुनीतीबाई त्यांच्या जागी आल्या. पण दुपारी तीनला, खिडक्या बंद असताना, माझा ‘ग’चा कप्पा दोन बोटं पुढे सरकतो. सुनीतीबाई न बघताच तो आत ढकलायच्या.

गेल्या उन्हाळ्यात कंत्राटी ऑपरेटर धनंजयने सगळी कार्डं कम्प्युटरवर चढवली. समितीची तारीख जवळ आली होती. “फक्त समोरचं टाइप कर,” बाई म्हणाल्या. मग कार्डं चिठ्ठ्या म्हणून टेबलावर गेली. पोरांनी त्यांवर वायफायचा पासवर्ड लिहिला, झेरॉक्सवाल्याचा नंबर लिहिला, खिशात घालून नेली.

दिवाळीनंतर कारंजा घाडग्याची काजल आली. तिचा प्रबंध गवळाऊ गाईंवर. जनावरांवरचे झाडपाल्याचे उपाय तिची आजी रुख्माबाई हिने सांगितले होते आणि प्रभाकररावांनी गावी जाऊन ते एका वहीत उतरवले होते. आजी आता नाही. वही मिळाली नाही, तर अख्खं प्रकरण गळणार होतं.

“मॅडम, कम्प्युटर नाई म्हनून राह्यला. पन आजी मले सांगे, सरायनं वही इथंच ठेवली.”

बाईंचा चेहरा उतरला. प्रभाकररावांनी त्यांना एकदा सांगितलं होतं, वाळवी लागू नये म्हणून ती वही कुठल्याशा जाड अहवालाच्या बांधणीत शिवलेली होती. कुठल्या, ते फक्त एका कार्डामागे लिहिलेलं.

“धनंजय, कार्डं कुठायत?”

“चिठ्ठ्या तं दिवाळीच्या पह्यलेच संपल्या, मॅडम.”

“मागचं काही वाचलं होतंस?”

“तुमीच म्हनल्या, समोरचं. मांगचं काऊन वाचू?”

आता रोज दुपारी बाई एकेक अहवाल उघडून शिवण चाचपतात. छत्तीस हजार ग्रंथांत ते विखुरलेले आहेत. तीन वाजता माझा कप्पा सरकला की त्या उठतात, आत हात घालतात आणि बराच वेळ तसाच ठेवतात. आत काही नसतं.

मित्रांनो, यंत्र जरूर आणा. फक्त जुना कागद टाकण्याआधी एकदा उलटून बघा.

हिशोब असा मिटला. शेरा महाविद्यालयाला मिळाला, पाटी बाईंना, कायम नोकरी धनंजयला. काजलने एक प्रकरण गाळून प्रबंध दिला, पदवी तिलाही मिळेल. या सगळ्याची किंमत मात्र रुख्माबाईने भरली. तिने या इमारतीत कधी पाऊलही ठेवलं नव्हतं.