जास्तीचे घ्या, ताई

माझ्या दुकानाबद्दल लोक इंटरनेटवर काय काय लिहितात ते माझी भाची मला अधूनमधून वाचून दाखवते. 'कपडे चांगले, धुऊन इस्त्री केलेले, पण मालकीण भाव करू देत नाही.' 'पाच रुपये कमी करा म्हटलं तर अंगावर आली.' 'या बाईंना कोणी हसायला शिकवा.' सगळं खरं आहे, मी नाकारत नाही. सक्करदऱ्याच्या बाजाराच्या तोंडाशी माझं जुन्या कपड्यांचं दुकान आहे. अंगाला बसेनासे झालेले, वापरून कंटाळा आलेले कपडे लोक आणून देतात. मी ते धुते, तुटकी बटणं लावते, चिठ्ठीवर भाव लिहून टाचणीने कॉलरला लावते. भिंतीवरच्या पाटीवर हातभर अक्षरांत लिहिलंय, 'एकच भाव'. तरी माणसं घासाघीस करतात आणि माझं डोकं फिरतं. मग तोंडाला लगाम राहत नाही.

पण 'भाव वाढवा' म्हणणारं गिऱ्हाईक मी उभ्या आयुष्यात एकच पाहिलं. ते म्हणजे चंपतराव.

चंपतराव मूळचे कुहीकडचे. तिकडची धानाची शेती भावाच्या हवाली करून ते इथे कोर्टात कारकुनी करत होते, आता रिटायर झालेत. माझ्या पाटीला न जुमानता भाव पाडून घेणारी एकच बाई होती, ती यांची बायको, मनकर्णाकाकू. काकू दुकानात शिरल्या की आधी स्टूल ओढून बसत. मग शर्ट उलटा करून शिवण तपासायच्या, उजेडात धरून डाग शोधायच्या, आणि चार गिऱ्हाइकांसमोर मोठ्यांदा विचारायच्या, "मेलेल्याचा तं नाई नं वं हा?" त्यांनी असं विचारलं की उरलेली गिऱ्हाइकंही हातातला शर्ट खाली ठेवायची. त्यापेक्षा काकूंना दहा-वीस रुपये सोडलेले परवडायचे. चंपतराव तेवढा वेळ रस्त्यापलीकडे उसाच्या रसाच्या गाडीजवळ उभे राहायचे, जणू ही बाई आपली कोणी लागतच नाही. काकू बाहेर येऊन हाक मारायच्या तेव्हा ते मान खाली घालून येत आणि पिशवी घेत. फार लाज वाटायची त्यांना तिच्या तोंडाची.

दिवाळीत काकूंना लकवा मारला. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. मी एकदा भेटायला गेले होते. त्या खाटेवर बसून भिंतीकडे पाहत होत्या. मी बडबड बडबड केली आणि निघून आले. त्या घरातली शांतता मला सहन झाली नाही. ती बाई गप्प बसलेली मी कधी पाहिलीच नव्हती.

त्यानंतर थंडी उतरता उतरता एका दुपारी चंपतराव एकटेच दुकानात आले. त्यांना दुकानाच्या आत मी पहिल्यांदाच पाहत होते. त्यांनी एक चौकड्याचा शर्ट काढला आणि माझ्यापुढे ठेवला.

"एकशे ऐंशी, काका," मी म्हटलं.

"पाचशे घ्या."

"काय?"

"पाचशे घ्या म्हणतो, ताई."

मला वाटलं, पाटीवरून टोमणा मारताहेत. "मजाक करून राहिले काय, काका? पाटी वाचली नाई?"

"वाचली नं. मी कमी करा कुठं म्हणून राहिलो? जास्तीचे घ्या."

"काहून?"

ते काकूंच्या स्टुलावर बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "मनकर्णा बोलूनच नाई राहिली, ताई," ते म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं ते असं. थंडीत काकूंसाठी त्यांनी बाजारातून एक जुनी शाल घेतली होती, दुसऱ्या कोणाकडून. भाव करता येत नाही म्हणून सांगितले तेवढे पैसे देऊन आले. घरी काकूंनी शाल डाव्या हाताने चाचपली आणि हाताने विचारलं, केवढ्याची? यांनी सांगितलं. तसा काकूंचा चेहरा लालबुंद झाला. त्यांनी शाल फेकून दिली आणि त्यांच्या घशातून आवाज निघाला. शब्द नव्हे, नुसता आवाज. पण दिवाळीनंतर त्या घरात उमटलेला तो काकूंचा पहिला आवाज होता.

"बोलणं शिकवाले पोरगी येते नं, तिनं सांगतलं, जे त्यायले आतून येते थेच आधी तोंडातून निघन. रागानं निघन तं रागानं निघू द्या. मंग मी महागाची भाजी आणून पाह्यली. भाजीचं तिले कायी नाई वाटलं. कपड्याचंच वाटते."

"मंग घरी जाऊन सांगा नं, पाचशे दिले म्हणून. खरे कायले देता?"

"मले खोटं बोलता येत नाई. कान लाल होते माहे. लगनापासून तिनं कानच पाह्यले."

मला हसू आलं. तरी मी नाही म्हटलं. एकच भाव म्हणजे एकच भाव. खाली नाही, तसा वरही नाही. मी रागीट आहे, पण माझ्या दुकानात कोणी लुटलं गेलं असं आजवर झालेलं नाही. चंपतराव उठले नाहीत. टोपी फिरवत बसले.

"ताई, घरी मले आता कोणीच रागावत नाई," ते म्हणाले. "सकाळी चहा सांडला. तिच्याकडे पाह्यलं. ती भिंतीकडेच पाहून राहिली. साऱ्या जिंदगीभर वाटलं का ही थोडी चूप राहीन तं बरं होईन. आता पाहा, कसं चूप झालं घर."

मी पाचशे घेतले. वरचे परत करायचे हे मनाशी पक्कं करून घेतले, पण घेतले.

चार-सहा दिवसांनी ते पुन्हा आले. शर्टाने काही झालं नव्हतं. काकूंनी कॉलर पाहिली, भाव ऐकला, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. आवाज आला नाही.

"कमी पडले," चंपतराव म्हणाले. "शर्ट बी चांगला होता. आता खराब माल दाखवा, अन् हजार घ्या."

"काका, तुमचं डोकं ठिकाणावर हाय काय?"

"तो सोटर दाखवा."

स्वेटर लोकरीचा होता, घरी विणलेला, कोपरावर भलत्याच रंगाच्या लोकरीने रफू केलेला. चिठ्ठीवर ऐंशी रुपये होते आणि तेही मी भीतभीतच लिहिले होते. आमची चांगली जुंपली. मी म्हणत होते ऐंशी, ते म्हणत होते हजार. मी नोटा त्यांच्या खिशात कोंबत होते, ते पुन्हा गल्ल्यावर टाकत होते. दुकानात कॉलेजच्या पोरी कुर्ते पाहत होत्या, त्या तोंडात बोट घालून पाहत राहिल्या. शेवटी चंपतराव नोटा टाकून, स्वेटर उचलून पळाल्यासारखे बाहेर पडले. चिठ्ठीसुद्धा काढू दिली नाही मला.

त्याच संध्याकाळी भाचीने फोनवर वाचून दाखवलं. 'या दुकानात वयस्कर माणसांना लुटतात. फाटक्या स्वेटरचे हजार रुपये घेतले, डोळ्यांनी पाहिलं.' एकच तारा. भाची म्हणाली, उत्तर लिही. काय लिहू? खरंच घेतले होते.

मी दोन दिवस वाट पाहिली आणि मग पैसे परत द्यायला त्यांच्या घरी जायचं ठरवलं. दुकानाचं शटर अर्धं ओढलंही होतं, तेवढ्यात समोर ऑटो थांबला. आधी चंपतराव उतरले. मग त्यांनी आत हात घालून मनकर्णाकाकूंना उतरवलं. दिवाळीनंतर काकू घराबाहेर पडल्या नव्हत्या. उजवा पाय फरफटत होता, डावा हात नवऱ्याच्या खांद्यावर होता आणि काखेत स्वेटर दाबून धरला होता.

मी शटर वर केलं. काकू स्टुलावर बसल्या. दम लागला होता. त्यांनी स्वेटर गल्ल्यावर ठेवला, कोपराची रफू वर येईल असा, आणि माझ्याकडे पाहिलं. मग लटकलेली चिठ्ठी बोटाने पुढे सरकवली. ऐंशी. मग भिंतीवरच्या पाटीकडे बोट केलं. एकही शब्द न बोलता बाईने मला उघडं पाडलं.

माझा हात पैशांकडे गेलाच होता. पण काकूंच्या मागे उभे असलेले चंपतराव मानेने नाही नाही करत होते. त्यांनी मला हात जोडले. मला कळलं की आता काकूंना भडकवणं माझं काम आहे, आणि ते मला अजिबात नको होतं.

"काकू, विकलेला माल वापस होत नाई," मी म्हटलं.

काकूंनी स्वेटर माझ्याकडे ढकलला. मी तो त्यांच्याकडे ढकलला. त्यांनी पुन्हा ढकलला, जोरात.

"पाह्यजे तं पन्नास कमी करीन. बस. त्याच्यावर नाई."

काकूंचे ओठ हलायला लागले. वाकड्या बाजूने लाळ आली. मानेच्या शिरा फुगल्या. मला वाटलं, या बाईला आता इथेच काही झालं तर मी कुठे तोंड दाखवू? गल्ला उघडावा, सगळे पैसे त्यांच्या ओटीत टाकावेत, पदराने तोंड पुसून द्यावं असं फार वाटलं. चंपतराव मागे उभे राहून रडत होते आणि तरी मान हलवत होते, थांबू नका, थांबू नका.

"अन् जास्त वाटत होतं," मी आवाज चढवून म्हटलं, "तं घ्याचंच नव्हतं. सोटरमधी काय खराबी हाय? झ्याक सोटर हाय."

"चोट्टी!"

शब्द अख्खा आला. अडखळत नाही, तुकड्यांत नाही. बाहेर ऑटोवाल्याने मान वळवून पाहिलं.

काकू स्वतःच दचकल्या. त्यांनी डावा हात तोंडावर ठेवला, आत आणखी काही आहे का ते तपासावं तसा. मी आजवर लोकांचं खूप ऐकून घेतलंय, उद्धट म्हणाले, खडूस म्हणाले, पण चोर मला कोणी म्हटलं नव्हतं, आणि कोणी म्हटलं असतं तर मी त्याला दुकानाबाहेर हाकललं असतं. आता मात्र मी मान डोलावली. "व्हय, काकू," मी म्हटलं, "चोट्टीच हाय मी." हसत होते की रडत होते, मला सांगता येणार नाही. मी गल्ल्यातून सगळे पैसे काढले, शर्टाचे वरचेही, आणि त्यांच्या मांडीवर ठेवले.

चंपतराव मागून पुढे आले. त्यांना गुडघ्यांचा त्रास आहे, तरी माझ्या दुकानाच्या फरशीवर, कपड्यांच्या गठ्ठ्यांमध्ये, ते बायकोपुढे बसले.

"बोलली वं," ते म्हणाले. "बोलली तू."

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं.

"आता मले म्हण. मले बी कायी म्हण नं. पैसे तं मीच देल्ले. त्या ताईची काय गलती? येडा म्हण मले. येडपट म्हण. तुले ठाव हाय नं, कसं म्हणत होती? साऱ्या बाजारात म्हणत होती."

काकूंनी तोंड उघडलं. ओठ जुळवले. घशातून काही आलं नाही. पुन्हा ओठ जुळवले. चंपतराव त्यांच्या तोंडाकडे असे पाहत होते की मला तिथे उभं राहवेना, पण जागेवरून हलताही येईना. माझ्यावर त्या चिडल्या होत्या, माझ्यासाठी शब्द आपोआप आला होता. फरशीवर बसलेल्या, डोळे पुसत असलेल्या या माणसावर चिडावं कसं? काकूंनी पैसे तसेच मांडीवर राहू दिले आणि डावा हात त्यांच्या डोक्यावर ठेवला. मग त्या हसल्या, जेवढं तोंड हसू शकत होतं तेवढ्याने.

"हासू नको वं," चंपतराव म्हणाले. "रागाव. माह्यावर रागाव नं वं, मनकर्णा."

काकू हसतच राहिल्या.