तळ्याकाठचा कोरा रोल

आमच्या आईला फोटोसाठी उभं करणं म्हणजे वाऱ्याची मोट बांधणं. 'थांब' म्हटलं की ती हटकून निघायची. एकदाच थांबली, तळ्याकाठी. बाबा सकाळभर फोटो काढत राहिले आणि ती धुक्यातून हसत राहिली. रोल धुऊन आला तो कोरा. कॅमेऱ्यात फिल्म नीट अडकलीच नव्हती.

आता आई नाही. माझ्या फोनमध्ये तिचे ढीगभर फोटो आहेत आणि प्रत्येकात ती निघालेली आहे. कुठे कोपर, कुठे पाठ. डोळे मिटले की मात्र तळ्याकाठचीच दिसते, पाण्यावर तरंगत असल्यासारखी.

काल बाबा तो जुना कॅमेरा पुसत बसले होते. मी उखडलेच.

"एवढे पट्टीचे फोटोग्राफर तुम्ही! फिल्म पुढे सरकली की ही वरची चकती फिरते, हे तुम्हीच शिकवलंत ना मला? मग त्या दिवशी बघितली कशी नाहीत?"

बाबांनी चकतीवरून हळूच बोट फिरवलं.

"बघितली होती की. पहिल्याच फोटोला."

"मग?"

"झाकण उघडून रोल नीट लावत बसलो असतो, तर तेवढ्यात ती निघून गेली असती."