खोल बाजूची बॅटरी

आत्याच्या बंदुकीला हल्ली उसासा टाकायची सवय लागली होती. चाप दाबला की आत आधी कण्हल्यासारखं काहीतरी होई, मग थोडी शांतता, आणि मग कधीतरी प्लॅस्टिकची पांढरी गोळी बाहेर पडे. तोवर समोरच्याची गोळी आत्याला लागून गेलेली असे.

"हिच्यात दम राहिला नाही," बंदूक माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवत आत्या म्हणाली. "मालकिणीवर गेलीय."

मी बॅटऱ्या तपासायच्या प्रयोगशाळेत काम करते. त्यामुळे नात्यात कुणाचंही बॅटरीवर चालणारं काही थकलं की ते माझ्या टेबलावर येऊन पडतं. घड्याळं आली, टॉर्च आले, एका काकांचं कानात घालायचं यंत्र आलं. एअरसॉफ्टची, म्हणजे लुटुपुटूच्या लढाईत वापरायची बंदूक पहिल्यांदाच येत होती. दिसायला खऱ्यासारखी, हाताला जड, पण जात खेळण्याची. मी ती उघडली. आत एक मोटर, तीन गिअर, एक स्प्रिंग आणि एक पिस्टन. शेवटच्या गिअरचे दात पिस्टनला मागे ओढतात आणि सोडून देतात. दाबलेली स्प्रिंग त्याला पुढे फेकते आणि त्याने ढकललेल्या हवेबरोबर गोळी सुटते. बंदूक कसली, फुंकर मारायचं यंत्र होतं ते. मला बघताक्षणी आवडलं.

आत्या जन्मभर पोहायला शिकवत आली. काचेच्या छताखालच्या त्या मोठ्या तलावात निम्मं शहर तिच्या हाताखालून गेलं आणि सगळं तिला 'बाई' म्हणत राहिलं. मग तिला दम लागायला लागला. डॉक्टरांनी तिचं पाणी बंद केलं, आणि त्याच सुमारास तलावाचंही पाणी बंद झालं. कोरडा तलाव एअरसॉफ्ट खेळणाऱ्यांना भाड्याने मिळू लागला. तलावात उतरायचं तर खेळाडू म्हणूनच, तेव्हा आत्या खेळाडू झाली. माझ्या बाबांनी, म्हणजे तिच्या भावाने, कपाळाला हात लावला.

"या वयात बायका विणकाम करतात," ते म्हणाले.

"केलं की," आत्या म्हणाली. "बंदुकीला पिशवी विणली."

आता तो तलावही पाडायचा होता. येत्या रविवारचा खेळ शेवटचा.

"मला खोल बाजूला जायचंय," आत्या म्हणाली. ती खिडकीतून बाहेर बघत होती, पण बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. "तिथला तळ मी नेहमी पाण्यातून बघितला. सारखा हलायचा. साफसफाईला पाणी काढून टाकायचे तेव्हा आम्हाला सुट्टी. हलत नसताना कसा दिसतो, एकदा तिथे उतरून बघायचंय."

"मग दगडला सांग. खेळाच्या आधी नेऊन आणेल."

दगड म्हणजे हे खेळ भरवणारा माणूस, शहरातला चांगला चालणारा दातांचा डॉक्टर. लहानपणी पाण्यात सोडला की सरळ तळाला जाऊन बसायचा, तेव्हा आत्याने ठेवलेलं हे नाव. वर काढून विचारलं, बुडत होतास का, तर नाकातोंडातून पाणी येत असतानाही 'नाही बाई' म्हणायचा.

आत्याने माझ्याकडे बघितलं. "खोल बाजूला कुणी आयतं जात नाही. पार करून जायचं. नियम माझाच आहे, आता मीच मोडू?"

त्या खेळात प्रत्येकजण स्वतःसाठी खेळतो. सगळे उथळ बाजूच्या पायऱ्यांवरून सुरुवात करतात आणि शिट्टी झाली की पांगतात. गोळी लागली की हात वर करायचा, 'लागली' म्हणायचं आणि तलावातून बाहेर यायचं. पंच नाही, ज्याची त्याला कळते. उथळ बाजूला जुनी कपाटं आणि गाद्या आडव्या टाकलेल्या असतात. मध्ये तळाला उतार लागतो, आणि उतारावर आडोसा नाही. आत्या आजवर उताराच्या पलीकडे गेलेली नव्हती.

संध्याकाळी दगड दोन बॅटऱ्या घेऊन आला. एक ७.४ व्होल्टची, दुसरी ११.१ची.

"बाई, अकराची घ्या," तो खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाला. "मी तीच वापरतो. दाबलं की सुटली."

"गोळी लांब जाईल?" आत्याने विचारलं.

"लांबच लांब."

"नाही जाणार," मी म्हणाले. "लांब नेते ती स्प्रिंग. बॅटरी फक्त स्प्रिंग ओढते. व्होल्ट वाढले की मोटर जोरात फिरते, म्हणजे ओढणं लवकर होतं. गोळीचा वेग तोच."

दगडने चहाचा कप उचलला. "वैज्ञानिक बाई घरात असल्या की चहासुद्धा मोजून मिळतो."

"साखर मोजूनच घालते मी तुला," आत्या म्हणाली. "दातांचा डॉक्टर ना तू."

मी गोळ्या न भरता आधी अकराची जोडली. चाप दाबला. बंदूक चिरकली. उसासा नाही, विचार नाही. दाबायच्या आधीच झाल्यासारखं वाटलं. आत्याचा चेहरा उजळला.

"हीच," ती म्हणाली. "हिच्यात दम आहे."

मला तो आवाज पटला नाही. एका झटक्यात दोन गोष्टी ऐकू यायला हव्यात: गिअर फिरल्याची घूं, आणि पिस्टन पुढे जाऊन आपटल्याची टक. मी फोनवर आवाज रेकॉर्ड केला आणि त्याची रेघ पडद्यावर मोठी करून बघितली. घूं आणि टक यांच्यानंतर रेघ सपाट व्हायला हवी होती. ती होत नव्हती. टकच्या अंगावरच पुढची घूं चढलेली होती.

"हे बघ," मी म्हणाले. "बंद जागेत खेळता म्हणून तुमच्या स्प्रिंगा मऊ. मऊ स्प्रिंग पिस्टनला सावकाश पुढे नेते. अकरावर मोटर इतक्या वेगात असते की चाप सोडल्यावरही थोडी फिरतच राहते. पिस्टन पुरता पोचायच्या आत गिअरचा दात त्याला परत धरतो. दातावर दात. आज नाही तर उद्या पिस्टनचे दात जातील."

"कवळी बसवू," दगड म्हणाला.

"तुझ्या बंदुकीची स्प्रिंग कडक आहे का?"

त्याने कप खाली ठेवला. मग हळूच म्हणाला, "मध्यम."

आत्या माझ्या पडद्यावरच्या रेघेकडे बघत होती, पण आकडे आणि आलेख हे तिच्या लेखी दुसऱ्या कुणाचं सामान. "रविवारपुरते टिकले दात तरी पुरे मला," ती म्हणाली. "परत लाव ती."

मी परत लावली. तिने डोळे मिटून चाप दाबला. एकदा. पुन्हा. तिसऱ्यांदा बंदूक अडखळली. काहीतरी अर्ध्यावर अडकल्यासारखी आतल्या आत गुदमरली, आणि मग सुटली.

आत्याने डोळे उघडले नाहीत. घरात फ्रीजचा आवाज तेवढा होता, आणि तोही कुठेतरी पाण्याखालून आल्यासारखा.

"हे माझ्या ओळखीचं आहे," ती म्हणाली. "नवीन पोरं असंच करतात. श्वास पुरता सोडायच्या आत दुसरा घ्यायला तोंड वर काढतात. छातीत जागाच नसते. त्यांना वाटतं दम कमी पडला, आणि असतो जास्त झालेला." तिने दगडकडे मान वळवली. "काय सांगायचे रे मी?"

"आधी सोड, मग घे," दगड म्हणाला. इतक्या वर्षांनी, कपाळाला आठी न घालता.

मग मी ७.४ची जोडली. घूं. टक. आणि रेघ सपाट. टक आणि पुढची घूं यांच्या मध्ये बोटभर अंतर. पण चाप दाबल्यावर पुन्हा तो उसासा आला. जुन्या बॅटरीपेक्षा लहान, पण आला.

"यात मी मरते," आत्या म्हणाली. "रोजच्यासारखीच."

मी बॅटरी हातात घेऊन उलटसुलट केली. तारा बारीक होत्या, आणि आतला रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, जास्त. मोटरने एकदम करंट मागितला की ही बॅटरी अवघडून जात होती. व्होल्टचा तिथे काही दोष नव्हता. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेतून येताना मी दुकानात गेले आणि ७.४चीच, पण जाड तारांची, वेळेला भरपूर करंट सोडू शकणारी बॅटरी घेतली. घरी आल्यावर जोडली. घूं, टक. उसासा नाही.

आत्याने ती तळहातावर तोलली. "म्हणजे दम तेवढाच," ती म्हणाली, "पण सोडते चांगली."

मी या विषयावर यापेक्षा नेमकं वाक्य ऐकलेलं नाही.

रविवारी दुपारी मी प्रेक्षकांच्या सज्जात बसले. गोळ्यांपासून जपायला डोळ्यांवर जाड चष्मा घालावा लागला, त्यामुळे सगळं किंचित हिरवं दिसत होतं. काचेच्या छतातून येणारं ऊन खाली पोचेपर्यंत विरघळून जात होतं. निळ्या टाईलच्या त्या प्रचंड खड्ड्यात माणसं पांगली, आणि वरून बघताना ती चालतायत असं वाटेना. तरंगतायत असं वाटलं. प्रत्येक आवाज भिंतींना लागून परत येई, मऊ होऊन. गोळ्या टाईलवर टिकटिक आपटत. अधूनमधून कुणीतरी हात वर करी, 'लागली' म्हणे, आणि शिडी चढून हवेत येई.

आत्या कपाटाच्या मागे होती आणि काहीच करत नव्हती. मला वाटलं, थकली. मग लक्षात आलं, ती थांबली होती. इतरांच्या बंदुका चिरकत होत्या, आणि ज्याची चिरके तो कुठे आहे ते सगळ्यांना कळे. आत्याची एकदाच बोलली. घूं, टक. त्या घुमणाऱ्या जागेत तो जाड आवाज कुठून आला ते कुणालाच उमगलं नाही. एक उंच तरुण हात वर करून इकडेतिकडे बघत राहिला.

दुपार कलत गेली. टिकटिक विरळ झाली. मग उथळ बाजूला आत्या, आणि उताराच्या तोंडाशी गादीमागे दगड, एवढेच उरले.

आत्या कपाटाआडून बाहेर आली. धावली नाही. ती कधी धावतच नव्हती. कमरेएवढ्या पाण्यातून चालावं तशी, पाय ओढत, खांदे स्थिर ठेवून निघाली. दगड गादीमागून वर उठला, त्याने चाप दाबला. त्याची बंदूक एकदा चिरकली आणि गोळी आत्याच्या मागच्या भिंतीला लागली. टिक. तो पुन्हा नेम धरत होता.

मी आत्याचे खांदे बघत होते. ते खाली आले. तिने सगळा श्वास सोडला होता. मग तिने चाप दाबला.

घूं. टक.

दगडने हात वर केला. "लागली, बाई."

आत्या जागच्या जागी उभी राहिली. बंदूक खाली केली, पण पाऊल पुढे टाकलं नाही.

"खरं सांग."

"खरंच लागली."

"बुडतानासुद्धा खोटं बोलणारा तू. मला आयतं नकोय, दगड."

"दंडावर लागली, बाई. जाड जॅकेट आहे, खूण कुठून दाखवू?"

तो काकुळतीला आला होता. आत्याचा विश्वास बसत नव्हता, आणि ती आता मागे फिरणार हे मला सज्जातून दिसत होतं. मग तिने मान वर करून मला हाक मारली. हाक भिंतींना लागून चारी बाजूंनी आली.

"तू ऐकलंस?"

मी ऐकलं होतं. त्या तलावात चुकलेली प्रत्येक गोळी टाईलवर कडक वाजते. सगळी दुपार मी तेच ऐकत होते. आत्याच्या गोळीनंतर तसं वाजलं नव्हतं. आधी काहीच नाही, आणि मग थोड्या वेळाने गोळी घरंगळत गेल्याचा बारीक आवाज, उतारावरून, खोल बाजूकडे.

"टाईलला लागली नाही, आत्या," मी म्हणाले. "कापडाला लागून खाली पडली."

तिने मान हलवली. बंदुकीतली बॅटरी काढून खिशात ठेवली, बंदूक गादीवर ठेवली, आणि दगड शिडी चढून वर येईपर्यंत थांबली. मग उतार उतरली.

खोल बाजूला पोचल्यावर उडी मारायच्या फळीच्या बरोबर खाली ती आधी बसली आणि मग सरळ उताणी झोपली. जिथे पूर्वी पाण्याची पातळी होती ती काळपट रेघ तिच्या कितीतरी वर होती. दगड माझ्याजवळ येऊन कठड्याला टेकला. छताच्या जुन्या काचा सगळीकडे सारख्या जाडीच्या नव्हत्या; त्यातून आलेलं ऊन टाईलवर सुरकुत्या पडल्यासारखं पसरलं होतं, आणि वर कुठलासा ढग सरकत होता.

"कसा दिसतो गं?" मी विचारलं. मोठ्याने बोलावं लागलं नाही.

खालून उत्तर आलं.

"हलतोय अजून."