दोन देहांची पहारेकरीण

मित्रांनो, मी यकृतातली एक म्हातारी, थकलेली पेशी आहे. यकृतातल्या अरुंद रक्तवाहिन्यांच्या भिंतीला चिकटून बसायचं, रक्तातला कचरा आणि जंतू गिळायचे आणि धोका दिसला की इतरांना हाक मारायची, हे माझं काम. आतड्यांकडून येणारं रक्त आमच्या अंगावरूनच पुढे जातं. त्यात मेलेल्या जंतूंचे तुकडे असायचेच. प्रत्येक तुकड्यासाठी बोंब मारत बसलो, तर आमच्या माणसाला एक दिवस सुखाचा जायचा नाही. म्हणून बरंचसं आम्ही मुकाट्यानं गिळतो.

माझा जन्म ताईच्या पोटातला. ताई लाँड्रीत इस्त्री करायची. दिवसभर वाफेत उभी राहून पाय सुजायचे, पण तोंडाची टकळी बंद नसे. तिचा धाकटा भाऊ दुकानांच्या पाट्या रंगवायचा. उंचीनं शिडीशी स्पर्धा करणारा, तरी ताईला तो छोट्याच. त्याचं यकृत निकामी झालं. दुसऱ्याच्या यकृताचा तुकडा बसवला तरच तो जगेल, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं.

ताई म्हणाली, "माझं घ्या. लहानपणी माझ्या ताटातलं सगळं यानंच पळवलंय. आता हेही नेऊ दे."

त्या तुकड्यात मी होते. आधी बर्फाची थंडी, मग परक्या रक्ताचा गरम लोंढा. माझ्या कितीतरी मैत्रिणी तेव्हाच गेल्या. मी तगले. तुकडा हळूहळू वाढला आणि छोट्या पुन्हा शिडीवर चढला. त्याच्या देहानं आम्हाला परकं समजून हाकलू नये म्हणून त्याला रोज गोळ्या घ्याव्या लागत. पण त्या गोळ्यांनी त्याच्या रक्तातल्या लढाऊ पांढऱ्या पेशी सुस्तावल्या होत्या.

अशात पित्तनळीतून जंतू वर चढले. जिवंत आणि भराभर वाढणारे. मी गिळत राहिले, ते संपेनात. तेव्हा मी हाक दिली. आमच्या हाकेला आवाज नसतो. आम्ही रक्तात रसायनं सोडतो. काही रसायनं शेजारच्या पेशींना जंतूंशी लढणारी प्रथिनं बनवायला लावतात, काही पांढऱ्या पेशींना बोलावतात, तर काही मेंदूपर्यंत निरोप पोहोचवतात. मग मेंदू अंग तापवतो. ताप हा आमचा निरोप असतो, मित्रांनो.

छोट्याला हुडहुडी भरली. त्यानं तापाची गोळी घेतली, स्वेटर चढवला आणि कामावर गेला. ताप उतरला, जंतू तसेच राहिले. मी पुन्हा निरोप धाडला, त्यानं पुन्हा गोळी घेतली. ओरडून ओरडून मी दमले.

"अहो, अक्षरं वाकडी येतायत तुमची. घरी जा," पाटी करून घेणारा दुकानदार म्हणाला.

"घरी गेलो की ताईला कळेल. तिनं माझ्यासाठी पोट चिरून घेतलं. आता तिला परत दवाखान्याच्या बाकावर कोणत्या तोंडानं बसवू?"

पण सकाळीच फोनवर त्याचा आवाज ऐकून ताईला राहवलं नव्हतं. ती दुकानापाशी येऊन उभी राहिली.

"उतर खाली."

तिनं त्याच्या कपाळाला हात लावला.

"काही नाही गं, उन्हात होतो."

"जन्म गेला माझा इस्त्रीपाशी. मला ऊन सांगतोस?"

"किती त्रास देऊ तुला, ताई?"

"द्यायचा तेवढा दे. पण जिवंत राहून दे."

दवाखान्यात शिरेतून औषधं सुरू झाली, पित्तनळी मोकळी केली. पांढऱ्या पेशीही अखेर झुंडीनं आल्या. पण त्या इतक्या चवताळल्या की आमच्याच शेजारणींना भाजू लागल्या. मग मला दुसरी रसायनं सोडावी लागली, 'आता पुरे' असं सांगणारी. बोलावण्यापेक्षा थांबवणं जड गेलं.

छोट्या वाचला. आमच्यातल्या मात्र बऱ्याच जणी त्या लढाईत गेल्या. त्यांच्या रिकाम्या जागी छोट्याच्या हाडांतल्या मज्जेतून आलेल्या तरुण पेशी बसल्या आहेत. ताईकडच्या आम्ही आता थोड्याच उरलोय. शेजारची नवी पोर प्रत्येक कणाला दचकते. तिला मी कधी गप्प बसायचं ते शिकवते.

मित्रांनो, ताप आला तर तो लपवू नका. घरातल्या कुणालातरी सांगा. आम्ही आतून एवढंच करू शकतो.

परवा पुन्हा थोडे जंतू आले. मी निरोप धाडला. छोट्यानं फोन उचलला.

"ताई, कणकण वाटतेय. डॉक्टरीणबाईंकडे जातोय. येतेस?"

"चप्पल घातलीच बघ," ताई म्हणाली.

मला दुसरी हाक मारावी लागली नाही. फार दिवसांनी मी जरा टेकले.