पाणी पाजलेली खुर्ची

बब्रुवान सुताराच्या हाताला चाकाचा गुण होता. ईट गावच्या शिवारात कुणाच्या गाडीचं चाक खडखडलं की ते त्याच्या दारात यायचं, आणि बब्रुवानचा इलाज ठरलेला: ढिल्या चाकाला पाणी पाजायचं. चाक रातभर ओढ्यात निजवलं की लाकूड फुगतं, आरे घट्ट बसतात. तीस वर्षांत हा इलाज एकदाही फसला नाही. हेच वाईट झालं. ज्याचा इलाज कधीच फसत नाही, त्याला डोकं चालवायची सवय राहत नाही.

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात बौद्धवाड्यातली केशरबाई एक खुर्ची घेऊन आली. खुर्ची तिच्या सासऱ्यांची, आबारावांची. ते हैदराबादेत एका कचेरीत चपराशी होते. कचेरी मोडली तेव्हा त्यांनी ही खुर्ची साहेबाकडून मागून घेतली आणि एस.टी.च्या टपावरून गावी आणली. पाठ एकसंध वाकवलेली, तिच्यात हात घालायला लांबट भोक, आणि त्या पाठीला कुठंही सांधा म्हणून नाही. रोज सकाळी आबाराव ती दारात मांडून पेपर वाचत. त्यांच्या बापाला याच गावात कुणाच्या ओसरीला टेकायची सोय नव्हती. त्या खुर्चीचं मोल काय, हे बब्रुवानला कुणी सांगायची गरज नव्हती.

"मामांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय धाराशिवला," केशरबाई म्हणाली. "धा दिवसांत येतेत. पाठ कुरकुरायलीय काका, तेवढी घट्ट करून ठिवा."

बब्रुवाननं पाठ हलवून पाहिली. ढिली. दुष्काळानं सगळ्याच लाकडांचा जीव शोषला होता, त्यात ही एक. त्यानं स्क्रू काढून पाठ सोडवली. ओढा तर कोरडा ठणठणीत. म्हणून टँकरवर झुंबड करून आणलेल्या दोन घागरी त्यानं दगडी डोणीत रिकाम्या केल्या आणि पाठ बुडवली.

"माणसाला प्यायला न्हाय, आन् तुमी लाकडाला पाजायलाव!" बायको हरणाबाई कडाडली.

सकाळी डोणीत खुर्चीची पाठ नव्हतीच. लाकडाचे पाच पातळ पापुद्रे कांद्याच्या सालीसारखे सुटे होऊन तरंगत होते. बब्रुवाननं ते एकेक करून अलगद बाहेर काढले.

महिन्यापूर्वीच टँकरच्या रांगेवरून गाव आणि बौद्धवाडा हमरीतुमरीवर आले होते. आता लोक काय म्हणणार? आबारावांचं खुर्चीवर बसणं डोळ्यांत सलत होतं, म्हणून सुतारानं मुद्दाम मोडली! हजार शपथा घेतल्या तरी कोण ऐकणार? तीस वर्षांत त्याला कामचुकारही कुणी म्हटलं नव्हतं. आता लोक काळ्या मनाचा म्हणतील.

पापुद्रे सावलीत वाळवून, धोतरात गुंडाळून त्यानं धाराशिव गाठलं. तिथं सुतारांच्या सहकारी संस्थेत व्यंकट नावाचा म्हातारा कारागीर होता. तरुणपणी हैदराबादेत खुर्च्यांच्या कारखान्यात राबलेला. दवाखान्याचा रस्ता टाळून बब्रुवान चोरासारखा गल्लीबोळातनं तिथं पोचला.

व्यंकटनं मधला पापुद्रा उजेडाला धरला. त्यावर फिकट काळी अक्षरं होती. म्हातारा खुलला.

"अरे, ही तर आमच्याच कारखान्याची! चहाच्या खोक्याची फळी हाय ही. जर्मनच्या लढाईनंतर चांगला माल मिळंना, तवा आमचा मालक मधी हे घालायचा. दोन वर्षं चालल्या असल्या खुर्च्या, मग कारखानाच बुडाला. म्या तर समजलो एक बी उरली न्हाय. हिला पाणी कुणी दाखवलं?"

"म्याच," बब्रुवान पुटपुटला.

"शाब्बास! ह्ये एक लाकूड न्हाय बाबा. एक पापुद्रा उभ्या रेषांचा, एक आडवा, मधी सरस, आन् साच्यात आवळायचं. जुना सरस पाण्यात विरघळतो. ही सरसाची पावडर घे, नवी आलीय. एकदा धरली की पाण्याला भीत न्हाय. पर साचा तुझा तू कर. वाक तंतोतंत जुळला पायजे."

साचा! एस.टी.त बसून बब्रुवान हातानं हवेत तो वाक काढत राहिला. शेजारचा प्रवासी जरा सरकून बसला. घरी आला, आणि दारातच थबकला. दुष्काळात लोकांनी बैल विकले होते. बिनकामाची चाकं त्याच्या भिंतीला टेकून उभी होती. त्यानं खुर्चीच्या सांगाड्याचा वाक चाकाच्या कडेला लावून पाहिला. एका चाकावर बसेना, दुसऱ्यावर बसेना. जुन्या खाचरांच्या, म्हणजे छोट्या बैलगाड्यांच्या, लहान चाकांवर मात्र अगदी बेतून केल्यासारखा बसला. तो एकटाच मोठ्यानं हसला.

तीन चाकं शेजारी जखडून त्यानं साचा केला. पापुद्रे क्रमानं चिकटवून वर ठेवले, त्यावरून मोठ्या चाकांवरच्या लोखंडी धावा सैल चढवल्या आणि फटींत पाचरी ठोकत गेला. हे काम तो डोळे मिटूनही करू शकला असता. दोन दिवसांनी पाचरी काढल्या. पाठ एकजीव! भोकाच्या कडेला एक टवका उडाला होता, तिथं बारीकसं ठिगळ बसवून पॉलिश मारलं.

"आता तोंड मिटून ऱ्हावा," हरणाबाईनं बजावलं. "कळाय जागाच न्हाय."

दहाव्या दिवशी तो खुर्ची घेऊन बौद्धवाड्यात गेला. आबाराव काळा चष्मा लावून दारात आले. बसले, पाठ टेकली, डोलून पाहिलं.

"वा मिस्त्री! नव्यापरीस घट्ट."

एवढ्यावर रामराम करून निघता आलं असतं. पण बब्रुवानला उंबऱ्यापासून पाय हलवता येईना.

"आबाराव, म्या ही खुर्ची मोडली व्हती," तो एका दमात बोलून गेला. "चाकावानी पाणी पाजाय गेलो. पाच तुकडे झाले. ठिगळ हाय भोकापाशी, हात लावून बघा. पर म्या मुद्दाम न्हाय केलं. आईशप्पथ मुद्दाम न्हाय केलं."

केशरबाईचा हात तोंडाशी गेला. आबारावांनी भोकाची कड चाचपली, ठिगळ सापडलं. मग विचारलं, "पाणी किती घातलं?"

"दोन घागरी."

"टँकरच्या?"

"व्हय. घरातल्या तेवढ्याच व्हत्या."

आबाराव पोट धरून हसायला लागले. चष्मा काढून डोळे पुसायची सोय नव्हती, म्हणून तसेच गालावरून पाणी ओघळू दिलं.

"मुद्दाम मोडणारा कुऱ्हाड घेतो, मिस्त्री. असल्या दुष्काळात दावा साधायला घरातलं पाणी कोन सांडंल?"

बब्रुवानच्या छातीवरचा धोंडा खाली उतरला. दहा दिवसांत पहिल्यांदा त्याला पोटभर श्वास आला, आणि तो तिथंच ओट्यावर बसला.

"केशर," आबाराव म्हणाले, "मिस्त्रींच्या दोन घागरी आपल्या पायी गेल्या. तांब्या आण."

केशरबाईनं काठोकाठ तांब्या दिला. या घरचं पाणी बब्रुवानच्या घरात आजवर कुणी प्यालं नव्हतं. त्यानं तांब्या तोंडाला लावला, थेंबसुद्धा न सांडता रिकामा केला, आणि म्हणाला,

"अजून थोडं द्या, बाई."