बाबांच्या वजनाची गोणी

"बघ, कालपासून लटकलीय. हूं नाही की चूं नाही," काका म्हणाला.

शेडच्या तुळईवरून सोडलेल्या दोरावर, दोर धरून ठेवणाऱ्या आणि खटका दाबला की खाली सोडणाऱ्या नव्या चिमट्यात अडकवलेली वाळूची गोणी होती. बाबांनी ती स्वतःच्या वजनाइतकी भरली होती, ठणठणीत होते तेव्हा. झाडं छाटण्याच्या आमच्या कामात नवं सामान आलं की आधी गोणी लटकायची, मग बाबा. जमिनीपासून हातभर वर, कपभर चहा संपेपर्यंत. त्यानंतरच माणसं झाडावर जायची. बाबांना जाऊन तीन महिने झाले होते. चाचणीच्या कागदावर सहीसाठी आता माझं नाव होतं.

"हा चिमटा अजून कुणी वापरलेला नाही, पहिला मान आपला," काका म्हणाला. "जुने बदल्यात परत गेले. उद्या सकाळी मोठ्या झाडासाठी रस्ता बंद होतोय. सही कर, बाई."

उद्या वर जाणार होता तो पन्नाशीचा, झुपकेदार मिशांचा गडी. सगळे त्याला खारूताई म्हणत.

"करा सही, ताई. पडलो तर तुमच्याच अंगावर पडेन," तो हसला. पण पट्ट्याचं बक्कल सारखं उघडमीट करत होता.

"द्या तो पट्टा इकडे," मी म्हणाले.

"तू? अगं, दादाची गोष्ट वेगळी होती!" काका म्हणाला.

दुसऱ्या दोरावर, तसल्याच दुसऱ्या नव्या चिमट्यात मी लटकले. चिमट्यानं घट्ट धरलं. खारूताईनं चहा दिला. तो संपवून मी उतरायचा खटका दाबला. काही झालं नाही. दोन्ही हातांनी दाबला. पट्टा मांड्यांत रुतू लागला. जमीन हातभर खाली, आणि तिथवर पोचायची सोय नाही. बाबांच्या खुर्चीत मी तीन महिने अशीच होते.

"धरतोय ना? मग झालं तर," काका म्हणाला.

खारूताईनं गुडघ्यांना मिठी मारून मला वर उचललं. वजन सुटताच खटका उघडला.

"वर मला कोण उचलणार?" त्यानं विचारलं. या वेळी तो हसला नाही. "मधमाश्या उठल्या तर?"

"पण गोणी तर..."

"ती उतरवून दाखव, काका."

काका स्टुलावर चढला. खटका दाबला, पुन्हा दाबला. गोणी नुसती झुलली. पडत नाही ना, एवढंच आम्ही पाहिलं होतं. उतरता येतं का, हे बाबा स्वतः लटकून बघायचे.

मी कागदावर 'नामंजूर' लिहून सही केली. उद्याचं काम होणार नाही हे कळवायला काका फोन घेऊन बाहेर गेला.

खारूताईनं दोर कापायला सुरी काढली.

"थांबा," म्हणत मी गोणीला मिठी मारली. ती तसूभरही उचलली गेली नाही. शेवटच्या महिन्यात बाबांना मी एकटी उचलायचे.