चार मिलिमीटरचा खडा

धाकट्याच्या दोन्ही किडन्या गेल्या आणि द्यायला घरात उरलो मी एकटाच. ताईला मधुमेह, बाकीच्यांचा रक्तगट जुळेना. "दादा आहे म्हणून निभावलं," असं जो तो म्हणू लागला. माझा सगळा भरवसा मात्र माझ्या मूतखड्यावर होता. सहा वर्षांपूर्वी सोनोग्राफीत सापडलेला, उजवीकडे, चार मिलिमीटर. तो रिपोर्ट मी लग्नाच्या फोटोंपेक्षा जपून ठेवला होता.

डॉक्टरीणबाईंनी तो वाचला आणि सीटी स्कॅन करायला पाठवलं. यंत्राच्या भोकात आडवा पडून, श्वास रोखून, मी आयुष्यात पहिल्यांदाच मनापासून प्रार्थना केली. खडा असू दे. जमलं तर वाढलेला असू दे.

दुसऱ्या दिवशी बाईंनी मला एकट्यालाच आत बोलावलं. पडद्यावर माझ्या किडन्या होत्या, करड्या, गुळगुळीत.

"अभिनंदन! खडा नाहीच. सोनोग्राफीत कधी कधी चरबीही चमकते, खड्यासारखी दिसते."

"नीट बघा हो. कुठे कोपऱ्यात असेल."

"कॅल्शियमचा कणसुद्धा नाही."

"निदान बारीकसा?"

बाईंनी पेन खाली ठेवलं. "तुम्हाला द्यायची नाहीये का?"

मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागलो.

"दाता नको म्हणाला, तर बाहेर आम्ही एवढंच सांगतो, की हा दाता योग्य नाही. कारण घरच्यांनाही सांगत नाही. पण भावाला मग यादीत थांबावं लागेल. तेवढी वर्षं सगळ्यांना मिळत नाहीत."

"कारण न सांगायचा नियमच आहे?"

"नियमच आहे."

नियम मोडणारा मी कोण?

बाहेर येऊन बाईंनी ते एकच वाक्य सांगितलं. पुढचं घरच्यांनी आपापलं जुळवलं. "मेला तो खडा!" म्हणत बायको रडली. ताईने माझ्या पाठीवरून हात फिरवला. मी मान खाली घातली. दिसायला ते दुःखच दिसलं असावं.

धाकटा बाकावरून उठला. डायलिसिसवाल्याला दिवसाचं पाणी मोजून मिळतं. त्याची ती छोटी बाटली उघडून त्याने माझ्यापुढे धरली.

"पी, दादा. खडेवाल्याने भरपूर पाणी प्यावं."

"अरे, तुला दिवसभर..."

"पी रे."

सगळे बघत होते. मी दोन घोट घेऊन बाटली परत केली. त्याने ती घेतली नाही.

"सगळी," तो म्हणाला.

मी सगळी संपवली.